'जुनी तिकिटं' एवढं लिहून भागेना

वकिलांनी यादी पुढे सरकवली तेव्हा तिच्यात एकोणीस कलमं टाईप केलेली होती. डिचोलीचं घर, मागची माडांची पट्टी, बँकेतली ठेव, स्कूटर, शिसवी कपाट, दोन समया, तांब्याचं घंगाळ. विसावं कलम माझ्या चुलतभावाने पेन्सिलीने लिहिलं होतं, "जुनी पोस्टाची तिकिटं", आणि किमतीच्या रकान्यात प्रश्नचिन्ह.

"मॅडम, प्रश्नचिन्ह चालणार नाही," वकील म्हणाले. "आकडा हवा."

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे वारसाहक्काचा पाया १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याचा. तो १८७० पासून इथे लागू झाला, पोर्तुगीज गेले तरी राहिला आणि आता त्याच धर्तीवर राज्याचा २०१२ चा स्वतःचा कायदा आहे. माणूस गेला की वारस 'इन्व्हेंटरी' घालतात. मागे राहिलेल्या प्रत्येक वस्तूची यादी करायची, प्रत्येकीची किंमत लावायची, मुलगा-मुलगी भेद न करता वाटे पाडायचे. एकाच वस्तूवर दोघांचा जीव असेल तर वारसांनी आपापसांत बोली लावायची. माझे आबाकाका, वडिलांचे मधले भाऊ, अविवाहित होते. गेल्या वर्षी पंचाहत्तराव्या वर्षी गेले. वारस म्हणजे माझी आत्या, मी आणि माझा भाऊ, धाकट्या काकांची दोन मुलं. घराचं, ठेवीचं सगळं सामोपचाराने ठरलं होतं. अडलं होतं ते या विसाव्या कलमाशी.

काम माझ्याकडे आलं याचं कारण साधं आहे. मी हायस्कूलच्या प्रयोगशाळेत काम करते. चिमटे, भिंगं, काचेच्या बशा, टिपकागद आणि कंटाळा न करता बारीक वस्तू निवडण्याची सवय, हे सगळं माझ्याकडे आहे. आबाकाकांनी मला लहानपणी तिकिटं दाखवली होती तीही आठवण होती. "हात पुसून घे गो बाय," हे त्यांचं पहिलं वाक्य असायचं. दुसरं असायचं, "बोटाने नाही, चिमट्याने."

माळ्यावरून खाली उतरलं ते इतकं: एक टिनाची पेटी, तीन स्टॉकबुकं (तिकिटं पट्ट्यांत खोचून ठेवायच्या वह्या), चपलांचा एक खोका आणि एक जाडजूड फोटो अल्बम. टिनाच्या पेटीत डांबराच्या गोळ्या विरघळून पांढरी पूड झाली होती. पेटीमुळे वाळवी आत शिरली नाही, पण दमट हवा शिरली होती. गोव्याच्या पावसात चार महिने कागद नुसता ठेवला तरी ओलसर लागतो. तिकिटाच्या मागे तर गोंद असतो. कोऱ्या तिकिटांचे गठ्ठेच्या गठ्ठे एकमेकांना चिकटून पुठ्ठ्यासारखे झाले होते आणि कितीतरी तिकिटांच्या दातेरी कडांवर तांबूस ठिपके पडले होते. संग्राहक त्याला गंज म्हणतात. लोखंडाचा गंज नव्हे तो, दमटपणाने पडलेले ठिपके. पण एकदा पडला की किंमत निम्म्याहून खाली येते.

सगळ्यात वाईट हाल फोटो अल्बमचे होते. नव्वदच्या दशकात ते अल्बम घरोघरी होते: पानाला चिकट रेघा आणि वर प्लास्टिकची पारदर्शक झिल्ली. कोणीतरी प्रेमाने काकांना तो भेट दिला असणार आणि काकांनी प्रेमानेच आपली सगळ्यात देखणी तिकिटं त्यात लावली. तीस वर्षांत त्या रेघांचा चिकटपणा कागदात मुरला. झिल्ली वर उचलली तर तिच्याबरोबर तिकिटाचा रंग वर आला. १९५६ सालची, पोर्तुगिजांच्या भारतातल्या सत्तेला ४५० वर्षं झाल्याबद्दल काढलेली व्हाइसरॉयांची आणि किल्ल्यांची माळ, म्हणजे तिकिटांची मालिका, होती त्यात, जवळजवळ पुरी. त्यातली सात तिकिटं मी वाचवू शकले, तीही मागून पिवळी पडलेली. बाकीची पानासकट कापून तशीच ठेवली आहेत. ज्यांच्याकडे अजून असे अल्बम असतील त्यांनी कृपा करून आजच उघडावेत. फोटोंचंही हेच होतं.

चिकटलेल्या गठ्ठ्यांसाठी मी मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्यात ओला स्पंज ठेवला, वर जाळी, जाळीवर तिकिटं, आणि झाकण लावून दिलं. पाणी तिकिटाला लागू द्यायचं नाही, नुसती वाफसर हवा. पुस्तकात एक-दोन दिवस लागतात असं वाचलं होतं. मी हे जुलैत करत होते, आमच्याकडे सकाळी ठेवलेली संध्याकाळी सुटत होती. गोंद थोडा जातोच, पण कागद फाटत नाही.

मग जेवणाच्या टेबलावर देशवार ढीग. भाऊ म्हणाला होता, आठवड्याचं काम. मला पाच महिने लागले.

ढिगांवरून काकांचं आयुष्य कळत गेलं. जपानचा ढीग एवढा मोठा का, हे आधी समजेना. नंतर लक्षात आलं. काका खाण कंपनीच्या कचेरीत कारकून होते आणि गोव्याचं खनिज त्या काळात मोठ्या प्रमाणावर जपानला जायचं. खरेदीदारांची पत्रं यायची, काका पाकिटांचे कोपरे मागून घ्यायचे. केनिया-युगांडा-टांगानिकाची तिकिटं शेजारच्या घरातून आलेली. त्यांचे दोन मुलगे मोंबासाला होते. आणि एक चमचमीत ढीग होता आखातातल्या छोट्या अमिरातींचा: अजमान, फुजैरा, उम्म अल कुवेन. अवकाशवीर, फुलपाखरं, ऑलिंपिकचे धावपटू, युरोपातली चित्रं. माझ्या भावाला वाटलं हीच महागडी. दिसायला तशीच आहेत. पण साठ-सत्तरच्या दशकात ही तिकिटं परदेशी छापखान्यांतून संग्राहकांना विकण्यासाठीच ढिगांनी छापली गेली, शिक्काही तिथेच मारून. पाकिटावर चढून प्रवास करणं त्यांच्या नशिबी आलंच नाही. सबंध ढिगाची किंमत दीडशे रुपयेही होईना. ती मी शाळेतल्या मुलांसाठी बाजूला काढली.

मधेच पुण्याहून चुलतभावाचा मेसेज आला, गांधीजींच्या तिकिटाच्या बातमीचा. बातमी खरी होती. १९४८ साली, स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी, गांधीजींची चार तिकिटं निघाली: दीड आणे, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. स्वित्झर्लंडमध्ये छापलेली, 'बापू' हा शब्द देवनागरीत आणि उर्दूत. त्यातल्या दहा रुपयांच्या फक्त शंभर प्रतींवर सरकारी वापरासाठी 'सर्व्हिस' असा शब्द छापला होता, आणि अशा चार तिकिटांची पट्टी २०१७ साली इंग्लंडमध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली. आपल्याकडे गांधींचं तिकीट आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. आहे ते दीड आण्याचं, वापरलेलं, शिक्का मारलेलं. त्या काळी घरोघरी पत्रावर येणारं तिकीट ते. चुलतभावाला फोटो पाठवला आणि हे सगळं लिहून कळवलं. त्याला वाईट वाटलं असेल, पण मला ते तिकीट हातात घेताना छान वाटलं. स्विस छपाई अशी की गांधीजींच्या कपाळावरच्या आठ्या भिंगाखाली मोजता येतात.

आता पोर्तुगीज भारत. इथे मी रमले, आणि वाचणाऱ्यालाही थोडं थांबायला लावणार आहे.

गोव्याची स्वतःची तिकिटं १८७१ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. पहिली तिकिटं इथेच, गोव्यातच केलेली, ओबडधोबड, मधे आकडा आणि भोवती अक्षरं. संग्राहक त्यांना 'नेटिव्ह' म्हणतात. काकांकडे त्यातलं एकही नाही. लिस्बनहून छापून आलेली राजमुकुटाची तिकिटं १८७७ ची. ती दोन निघाली. त्या रात्री मला झोप आली नाही. पुढे कळलं की त्यातलं एक नंतरचं पुनर्मुद्रण आहे, पांढऱ्याशुभ्र जाड कागदावर, मागे गोंद नाही. दुसरं खरं आहे, कागद जुन्या वहीसारखा, एका कोपऱ्याचा दात तुटलेला.

नाणीही तिकिटांवरच शिकले. आधी नुसते रेइश, हे पोर्तुगीज चलन, मग १८८२ पासून बारा रेइशांचा एक टांग आणि सोळा टांगांचा एक रुपया. म्हणजे शेजारच्या मुलखात बारा पै, सोळा आणे चालत होते त्याच मापाने. आमच्या आजोबांचं डिचोलीच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. दोन्ही राज्यांतल्या व्यापाऱ्यांशी हिशोब ठेवताना या मापाचा त्यांना किती आधार असेल हे मला आत्ता, तिकिटं लावताना जाणवलं. १९५९ मध्ये हे सगळं जाऊन एस्कुदो-सेंतावो आले, रुपयाला सहा एस्कुदो. जुन्या रुपया-टांगांच्या तिकिटांवर घाईने सेंतावोचे आकडे छापलेले त्या वर्षात दिसतात.

पोर्तुगालच्या राजा कार्लुशची तिकिटं बघा. राजाच्या चेहऱ्यावर आडवा शब्द छापलेला: 'रेपुब्लिका'. १९१० साली लिस्बनमध्ये राजेशाही गेली, पण गोव्यात राजाच्या तिकिटांचे साठे शिल्लक. फेकायचे कशाला? मग तोच चेहरा, वर प्रजासत्ताकाची मोहोर. त्याच सुमारास कमी किमतीची तिकिटं संपली तेव्हा मोठ्या किमतीच्या तिकिटाच्या मधोमध भोकांची उभी रेघ पाडून, प्रत्येक अर्ध्यावर नवी किंमत छापून, एकाची दोन केली. काकांकडे असं एक अखंड आहे, दोन्ही अर्धी जोडलेली. त्यावर पोस्टातल्या कोणाचाही हात पडला नाही आणि ते शंभर वर्षं तसंच जोडलेलं राहिलं, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि १९१९ चं युद्धकराचं तिकीट. त्यावरची किंमत मी तीनदा वाचली: रु. ०:००:०५,४८. रुपये शून्य, टांग शून्य, रेइश पाच आणि वर एका रेइशाचे शंभरातले अठ्ठेचाळीस भाग. टपालखिडकीवरच्या माणसाने याचे सुटे कसे दिले असतील?

तिकिटांपेक्षाही मला शिक्के आवडू लागले. 'नोव्हा गोवा' म्हणजे पणजी. १८४३ पासून राजधानीचं कागदोपत्री नाव ते होतं. मडगाव, म्हापसा, फोंडा, साखळी, सगळी गावं पोर्तुगीज वळणाच्या रोमन अक्षरांत, अर्धीमुर्धी, तिकिटाच्या कोपऱ्यात आलेली. वाळपईचा एकच शिक्का सापडला. मी तिकिटं किमतीनुसार लावायची सोडून चार दिवस गावांनुसार लावत बसले. किंमत ठरवायला त्याचाही उपयोग झाला. छोट्या गावाचा स्वच्छ शिक्का असेल तर साध्या तिकिटालाही घेणारा जास्त देतो.

राहिला चपलांचा खोका. त्यात पाकिटांचे कापलेले कोपरे होते, हजाराच्या वर, धुवायचे राहून गेलेले. कोपरे पाण्यात घालायचे, कोमट नव्हे, साध्या पाण्यात. वीस मिनिटांनी तिकीट आपोआप सुटतं, ते ओढायचं नाही. मग पालथं घालून टिपकागदावर वाळवायचं, वर जाड पुस्तक. प्रयोगशाळेत सुट्टीच्या दिवशी मी बशा मांडून बसायचे. तिसऱ्या खेपेला माझ्या हातून चूक झाली. एक कोपरा लाल रंगाच्या पाकिटाचा होता, दिवाळीच्या शुभेच्छापत्राचा असावा. तोही बाकीच्यांबरोबर बशीत टाकला आणि चहा घ्यायला गेले. परत येईपर्यंत बशीतलं पाणी सरबतासारखं झालं होतं आणि त्यातली चाळीस तिकिटं गुलाबी. त्यात तीन पोर्तुगीज भारताची होती, १९३१ सालची, सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवदर्शनाच्या निमित्ताने काढलेली. तो रंग नंतर कशानेही गेला नाही. मी घरी येऊन जेवले नाही. काकांनी सत्तर वर्षं ज्याला बोट लावलं नाही ते मी अर्ध्या तासात घालवलं, हेच डोक्यात फिरत होतं.

त्यानंतर नियम केला. ज्या कोपऱ्यावर कसलाही रंग, शाई, डाग दिसेल तो पाण्यात जाणार नाही. असे साठेक कोपरे एका वेगळ्या पाकिटात पडले. हे पाकीट लक्षात असू द्या.

आता आकडा. आधी मी एका तिकीट-नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे गेले. त्याने स्टॉकबुकं भराभर उलटली, खोका हातात धरून वजन अजमावलं आणि सांगितलं, सगळे मिळून तीन हजार. कुठलं तिकीट बघून हा आकडा, असं विचारलं तर म्हणाला, हा माल किलोवारीच जातो. किलोवारी विकतात हे खरं आहे, पण धुतलेल्या, निवडलेल्या, गावांनुसार लावलेल्या संग्रहाला तो भाव लावणं मला अपमानाचं वाटलं. माझा नव्हे, काकांचा. मी सगळं पिशवीत भरून उठले.

मग पणजीच्या मुख्य टपाल कचेरीत गेले. ती इमारत एके काळी तंबाखूची वखार होती. तिथल्या फिलाटेली, म्हणजे तिकीटसंग्रहाच्या, खिडकीवर नव्या तिकिटांचं काम चालतं, मूल्यांकन नाही, पण रांगेत भेटलेल्या एका वयस्कर संग्राहकांनी माझं बोलणं ऐकलं आणि आपण होऊन म्हणाले, "ताई, घेऊन या रविवारी. बघतो." ते चार रविवार बसले माझ्याबरोबर. चहाखेरीज काही घेतलं नाही.

तिकिटांच्या किमतींचा कॅटलॉग वाचायला त्यांनीच शिकवलं. कॅटलॉगमधली किंमत म्हणजे उत्तम स्थितीतलं तिकीट दुकानातून विकत घ्यायला गेलात तर द्यावी लागणारी किंमत. आपण विकायला गेलो तर मिळते ती नव्हे. आणि सगळ्यात खालचा जो आकडा असतो तो तर तिकिटाचा नसतोच, दुकानदाराने ते शोधून, पाकिटात घालून देण्याच्या कष्टाचा असतो. म्हणजे कॅटलॉगात दहा-दहा रुपयांची दोन हजार तिकिटं म्हणजे वीस हजार, हा हिशोब चुकीचा. माझ्या भावाने नेमका तोच केला होता आणि त्याचा आकडा लाखावर गेला होता. खरा भाव बघायचा तो लिलावात प्रत्यक्ष काय मिळालं त्यावरून, गंज, तुटका दात, मागची हिंजची (वहीत चिकटवायच्या कागदी पट्टीची) खूण, सगळं वजा करून.

चौथ्या रविवारी मी ते डागांचं पाकीट बाहेर काढलं. ते एकेक कोपरा उचलून बाजूला ठेवत होते. एका कोपऱ्याशी थांबले, चष्मा काढला, भिंग डोळ्याशी नेलं.

तिकीट भारताचं होतं. नकाशाच्या माळेतलं, पंधरा नव्या पैशांचं, कुठेही मिळणारं. शिक्का मात्र पोर्तुगीज. गोल, त्यात पेडण्याचं नाव, तारीख ८-२-६२.

त्यांनी समजावलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. डिसेंबरच्या अखेरीला भारताची तिकिटं इथल्या टपालखिडक्यांवर आली आणि जानेवारीच्या सुरुवातीच्या दिवसांपर्यंत जुनी पोर्तुगीज तिकिटंही चालवून घेतली. पण शिक्के एका रात्रीत कुठून येणार? गावोगावी पोर्तुगीज शिक्केच वापरात राहिले, ते १९६२ च्या मे महिन्यापर्यंत. त्या चार-पाच महिन्यांतली ही जोडी, तिकीट भारताचं आणि शिक्का पोर्तुगीज. "तुम्ही हे पाण्यात घातलं असतं तर तिकिटावर शिक्क्याचा पाव भाग उरला असता, गाव गेलं असतं, तारीख गेली असती," ते म्हणाले. "सबंध पाकीट असतं तर याच्या पाच-सहा पट मिळाले असते. आणि हा डाग नसता तर आणखी." कागदाच्या अगदी टोकाला, शिक्क्याच्या वर, तपकिरी-लालसर डाग होता, त्याच्याभोवती पिवळट कड. त्यांनी माझ्या वहीत लिहिलं: कात्रण, पेडणे शिक्का, डागाळलेलं, रु. ५००.

त्यांच्या मदतीने बेरीज झाली. पोर्तुगीज भारत ८,२००. भारत २,६००. बाकी जग ६००. एकूण ११,४०० रुपये. मी विसाव्या कलमाखाली पोटकलमं पाडून तीन पानांची यादी टाईप केली आणि सही घ्यायला आत्याकडे गेले.

आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे. पडवीत बसली होती. यादी वाचून दाखवली तर तिने लक्ष दिलं नाही, पण स्टॉकबुकं एकेक करून मांडीवर घेतली. आमची सून मधेच म्हणाली की एवढा पसारा कशाला जपायचा, तेव्हा एकदम बोलली, "हो कचरो न्हय गो."

त्या कोपऱ्याचं मी मुद्दाम वेगळं सांगितलं. फेब्रुवारी ६२, पेडणे, पोर्तुगीज शिक्का. तिने हात पुढे केला. मी चिमट्याने द्यायला गेले तर तिने तो सरळ बोटांनी घेतला. मी काही बोलले नाही.

"डाग आहे म्हणून पाचशे," मी म्हटलं. "नाहीतर जास्त मिळाले असते."

"हें कुंकूम गो," ती म्हणाली. "डाग कसलो!"

आत्याचं सासर पेडण्याचं. दिवाळीच्या आधी बोलणी झाली होती, मग डिसेंबर उजाडला. डिचोलीचा पूल पोर्तुगीज सैन्याने माघार घेताना उडवला. तो आवाज ऐकून आजी देवघरात जाऊन बसली होती, हे आत्या नेहमी सांगते. येणं-जाणं, निरोप, सगळं तुटलं. पेडण्याची माणसं काय म्हणतात, ठरलेलं ठरलेलंच आहे की मोडलं, काही कळायला मार्ग नव्हता. आजोबा रोज पोस्टात जाऊन यायचे. फेब्रुवारीत पत्र आलं, चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेलं. उघडायच्या आधीच सगळ्यांना उत्तर समजलं. आजीने पत्र आणि पाकीट देवापुढे ठेवलं. आणि आबाने, तेव्हा बारा वर्षांचा, दुपारी सगळे झोपल्यावर कात्रीने पाकिटाचा कोपरा कापला.

"आईने बडवला त्याला," आत्या म्हणाली. "शुभपत्राला कात्री लावली म्हणून. मी सोडवायला गेले तर मलाही एक बसली. कोपरा कुठे टाकला विचारलं तर तोंड उघडलं नाही शेवटपर्यंत."

पत्र आता नाही. लग्नातले सगळे कागद सासरच्या माळ्यावर वाळवीने खाल्ले, त्याला चाळीस वर्षं झाली असतील. आत्याने भिंग मागितलं. तिकीट पाहिलं नाही, शिक्का पाहिला नाही, ती त्या टोकावरचं कुंकू बघत राहिली. बोटाच्या पेराने पिवळ्या कडेला हलकेच हात लावला आणि बोट नाकाशी नेलं.

संध्याकाळी भावाला आणि दोघा चुलतभावांना फोन केले. कोणी आढेवेढे घेतले नाहीत. पुण्याच्या भावाने तर विचारलं, आत्याला ते बरं वाटलं ना? दुसऱ्या दिवशी वकिलांकडे जाऊन यादीतलं ते एक पोटकलम काढायला लावलं. पुढचे सगळे क्रमांक बदलावे लागले, तीन पानं पुन्हा टाईप झाली. एकूण किंमत आता १०,९०० आहे.